फसवणारा आधी माणसाला एकटं पाडतो

सप्टेंबर २०२५ मध्ये हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याला फोन आला. पलीकडच्या माणसांनी आपण सीबीआयचे, गुप्तचर खात्याचे आणि न्यायखात्याचे अधिकारी आहोत असं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का आणि सह्या असलेले बनावट आदेश दाखवले. दोन आठवड्यांच्या आसपास त्या दोघांकडून १ कोटी ५ लाख रुपये काढून घेतले गेले. त्या आजींनी सरन्यायाधीशांनाच पत्र लिहिलं. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्राची स्वतःहून दखल घेतली. देशभरात अशा खोट्या 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली सुमारे ३,००० कोटी रुपये उकळले गेल्याचं पुढच्या सुनावणीत समोर आलं आणि १ डिसेंबरला न्यायालयाने या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

अशा बातम्या आपण तंत्रज्ञानाच्या बातम्या म्हणून वाचतो. मग उपायही तसेच सुचतात: आजोबांना स्मार्टफोन शिकवा, ओटीपी म्हणजे काय ते समजावा. ते करायला हवंच. पण या सगळ्या प्रकरणांचा तपशील सलग वाचत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. पैसा जाण्याआधी त्या माणसाचं आणि त्याच्या माणसांचं बोलणं तोडलेलं असतं. फोनवरचा तोतया असो, विमा विकणारा असो की घरातलाच कुणी, वृद्धाची फसवणूक तो एकटा असेल तरच पार पडते. म्हणून बचावाची सुरुवात मोबाइलपाशी न करता घरातल्या बोलण्यापाशी करावी लागते, आणि तिथे जे जमणार नाही ते बँकेने आणि कायद्याने करावं लागतं. आज घराकडून आपण फार अपेक्षा ठेवतो आणि बँकेकडून फार कमी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी आवाका पाहू. केंद्रीय गृहमंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत भारतीयांनी २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गमावले आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिपटीने वाढ. यात सगळ्या वयाचे लोक आहेत. अमेरिकेची एफबीआय वयानुसार आकडे देते. तिथे २०२४ मध्ये साठी ओलांडलेल्या दीड लाखाच्या आसपास लोकांनी तक्रारी केल्या आणि त्यांचं नुकसान जवळपास ४९० कोटी डॉलरचं होतं. कोणत्याही वयोगटापेक्षा जास्त. कारण सरळ आहे. तिशीतल्या माणसाच्या खात्यात महिन्याचा पगार असतो, सत्तरीतल्या माणसाच्या खात्यात आयुष्याची कमाई असते: भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, विकलेल्या पेन्शनची रक्कम, गावाकडच्या जमिनीचे आलेले पैसे. पूर्वी ही रक्कम मुदत ठेवीत अडकलेली असे आणि ठेव मोडायला शाखेत जावं लागे. ओळखीचा कारकून विचारत असे, "काका, एवढे कशाला काढताय?" आता ठेव घरात बसून, रात्री अकरा वाजता, चार वेळा बोट लावून मोडता येते. सोय झाली हे खरंच. पण त्या सोयीबरोबर विचारणारा माणूसही गेला.

डिजिटल अरेस्टची रीत आता बहुतेकांच्या कानावर आहे, तरी तिची रचना नीट पाहण्यासारखी आहे. पहिला फोन साधा असतो. तुमच्या नावावरच्या सिमकार्डाचा गैरवापर झालाय, दोन तासांत नंबर बंद होईल. किंवा तुमच्या नावाने परदेशी निघालेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत. मग तो फोन 'पोलिसांकडे' जोडला जातो. व्हिडिओवर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्याचा देखावा. तुमच्या आधार क्रमांकावर मनी लाँडरिंगचा गुन्हा आहे, पण तुम्ही सज्जन दिसता, आम्ही मदत करू. आणि मग खरी अट येते: हे प्रकरण गोपनीय आहे, घरात कुणाला सांगितलंत तर तेही आरोपी होतील. कॅमेरा चालू ठेवायचा, झोपतानासुद्धा. बँकेत जाताना फोन खिशात चालू ठेवायचा आणि मॅनेजरने विचारलं तर 'घर घेतोय' असं सांगायचं. पैसे 'पडताळणी'साठी आहेत, तपास संपला की परत मिळतील.

भारतातल्या कोणत्याही कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट नाही. कोणतंही पोलीस ठाणं, कोणतीही तपास यंत्रणा व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, चौकशीत पैसे मागत नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ मधल्या 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं होतं. त्यानंतरही माणसं अडकत राहिली, आणि ती अडाणी नव्हती. वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल वयाच्या ८२ व्या वर्षी, ऑगस्ट २०२४ मध्ये याच सापळ्यात अडकले. त्यांच्यासमोर सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणी उभी केली गेली, त्यात सरन्यायाधीशांचा तोतयाही होता. सात कोटी रुपये गेले. आयुष्यभर कारखाने चालवलेल्या माणसाची ही गत असेल, तर निवृत्त शिक्षिकेला 'तुम्हाला एवढंही कळलं नाही?' असं विचारायचा अधिकार कुणालाच नाही.

फसवणारा या पिढीच्या दुर्गुणांना हात घालत नाही, गुणांना घालतो. सरकारी कागदाचा मान राखणं, पोलिसाला उलट न बोलणं, अब्रूला जपणं, कुणाचं देणं न ठेवणं, मुलांना त्रास न देणं. 'तो तिकडे कॅलिफोर्नियात, त्याची आत्ता रात्र, कशाला उठवायचं' हा विचार पुण्या-नाशकातल्या किती घरांत रोज होत असेल. त्या तोतयाला तेवढीच रात्र पुरते.

मुंबईतलं एक प्रकरण मला यात सर्वांत बोलकं वाटतं. ८६ वर्षांच्या एका आजींकडून डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात २० कोटींहून जास्त रुपये काढून घेतले गेले. इतके दिवस! हे लक्षात आलं ते घरकाम करणाऱ्या बाईंमुळे. आजी दिवसभर खोलीत असतात, कुणाशी तरी मोठ्याने बोलतात, जेवायला तेवढ्या बाहेर येतात, हे त्यांनी पाहिलं आणि आजींच्या मुलीला सांगितलं. बँकेची यंत्रणा, व्यवहारांवर नजर ठेवणारे संगणक यांच्याआधी घरात रोज येणाऱ्या एका माणसाला बदल दिसला. पुण्यात मात्र ऐंशी ओलांडलेल्या एका निवृत्त सरकारी अधिकाऱ्याचे अशाच प्रकारात सव्वा कोटीच्या आसपास रुपये गेले आणि त्या धक्क्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. पैशाचा हिशेब मांडताना आपण हे नुकसान धरत नाही.

बाकीचे प्रकार लहान वाटतात, पण रोजचे आहेत. 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा' हा महावितरणच्या नावाने येणारा संदेश. गॅसचं बिल थकल्याचा फोन. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेच्या किंवा वाहतुकीच्या चलानाच्या नावाने व्हॉट्सअॅपवर येणारी एपीके फाइल. ती उघडून अॅप बसवलं की फोनमधले ओटीपी परस्पर दुसऱ्याकडे जाऊ लागतात. मदत करतो म्हणून स्क्रीन दाखवणारं अॅप टाकायला लावणं. पेन्शनधारकांसाठी नोव्हेंबर विशेष धोक्याचा, कारण हयातीचा दाखला द्यायचा तोच महिना. 'दाखला अपडेट झाला नाही तर पेन्शन थांबेल' म्हणत पीपीओ क्रमांक, जन्मतारीख आणि शेवटी ओटीपी विचारला जातो. हयातीचा दाखला फोनवर ओटीपी सांगून कधीच होत नाही, हे ऑक्टोबरातच घरी सांगून ठेवावं.

शेअर बाजाराच्या खोट्या अॅपची गोष्ट वेगळी. इथे भीतीऐवजी आदर वापरला जातो. व्हॉट्सअॅप गटात 'सर' रोज टिप देतात, गटातले इतर सदस्य नफ्याचे फोटो टाकतात (ते सगळे एकाच टोळीचे), अॅपमध्ये आपली रक्कम वाढताना दिसते. सुरुवातीला थोडे पैसे काढूही देतात. मोठी रक्कम काढायला गेलं की 'आधी कर भरा'. निवृत्तीनंतर गुंतवणुकीत रस घेऊ लागलेले, हिशेबाला पक्के असलेले गृहस्थ इथे जास्त सापडतात. सेबीने ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत दलाल आणि म्युच्युअल फंडांसाठी 'व्हॅलिड' हा शब्द असलेले यूपीआय पत्ते सुरू केले आहेत. कुणा व्यक्तीच्या किंवा भलत्याच कंपनीच्या खात्यात गुंतवणुकीचे पैसे मागितले, की तिथेच थांबावं. आणि एकदा पैसे गेलेल्या माणसाला काही दिवसांनी पुन्हा फोन येतो: आम्ही सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला फी भरा. हीही तीच टोळी असते किंवा तिच्याकडून यादी विकत घेतलेली दुसरी.

फोनच्या पलीकडे कोण असतं, हेही समजून घ्यायला हवं. झारखंडच्या जामताऱ्याचं नाव सर्वांना ठाऊक झालं, पण आजची मोठी केंद्रं म्यानमार, कंबोडिया, लाओसमध्ये आहेत. नोकरीच्या आमिषाने नेलेल्या तरुणांना तिथे डांबून हे फोन करायला लावतात. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी म्यानमार-थायलंड सीमेवरून ५४९ भारतीयांना परत आणलं. आपल्याकडची साखळी वेगळी: इथे खाती भाड्याने मिळतात. कॉलेजमधला मुलगा दहा-पंधरा हजारांसाठी आपलं बँक खातं, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हाती देतो आणि कुठल्या तरी आजोबांची ठेव त्या खात्यातून पुढे जाते. आजोबांना सावध करताना घरातल्या नातवालाही बसवून सांगा, की खातं भाड्याने देणं हा गुन्हा आहे.

आता त्या फसवणुकीबद्दल, जिच्याबद्दल पोस्टर लागत नाहीत. मुदत ठेवीचं नूतनीकरण करायला गेलेल्या आजी विम्याची पॉलिसी घेऊन घरी येतात. 'ठेवच आहे, फक्त व्याज जास्त' असं सांगितलेलं असतं. दरवर्षी हप्ता भरायचाय हे पुढच्या वर्षी कळतं. सही आजींची असते, म्हणून कागदोपत्री सगळं रीतसर. माझ्या मते याला चुकीची विक्री असं सौम्य नाव देणं थांबवलं पाहिजे. उपाय एक आहे आणि तो वेळेत करावा लागतो: पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. म्हणून आई-वडिलांच्या घरी आलेलं प्रत्येक जाड पाकीट उघडून बघा.

पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्यांचं दुखणं महाराष्ट्राला नवीन नाही. गावात नाव असलेला अध्यक्ष, उद्घाटनाला आलेले पुढारी, बँकेपेक्षा दोन-चार टक्के जास्त व्याज. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचे ठेवीदार, त्यांतले कितीतरी वृद्ध, २०२३ पासून आपल्याच पैशांसाठी हेलपाटे घालत आहेत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. २०१९ मध्ये पीएमसी बँक कोलमडल्यानंतर, २०२० मध्ये ते एका लाखावरून पाच लाखांवर नेलं गेलं. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. सहकारी बँक आणि पतसंस्था यांतला हा फरक ग्रामीण भागातल्या बहुतेक ज्येष्ठांना कुणी सांगितलेलाच नसतो. आणि ठेव मागायला येणारा एजंट बहुधा भावकीतला किंवा जुना विद्यार्थी असतो, त्याला नाही म्हणणं जड जातं.

घरातल्या माणसाकडून होणारी लूट तर पोलिसांपर्यंत क्वचितच पोहोचते. कोऱ्या चेकवर घेतलेल्या सह्या, एटीएम कार्ड 'सांभाळायला' घेणं, मुखत्यारपत्र, बक्षीसपत्रावर राहतं घर लिहून घेणं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ इथे उपयोगी पडतं: सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकतं. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द ठरवून घराचा ताबा तिला परत देण्याचा आदेश दिला. तरी लिहून देतानाच सांभाळाची अट स्पष्ट शब्दांत घालून घ्यावी; अट लिहिलेली नसली तर लढाई कठीण होते. प्रांत अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि १४५६७ ही एल्डरलाइन अशा वेळी मार्गदर्शन करते.

म्हणूनच 'आई-बाबांचे सगळे व्यवहार मुलांनी हातात घ्यावेत' या सल्ल्याला माझा विरोध आहे. त्याने एक धोका टळतो आणि दुसरा उभा राहतो. शिवाय चाळीस वर्षं संसाराचा हिशेब ठेवलेल्या माणसाकडून पासबुक काढून घेणं हा त्याचा अपमान आहे, आणि अपमान झालेला माणूस पुढच्या वेळी काही सांगत नाही. वयानुसार पैशाची समज कमी होऊ शकते, हे मात्र नाकारू नये. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की पुढे स्मृतिभ्रंशाचं निदान झालेल्या लोकांची बिलं त्या निदानाच्या सहा वर्षं आधीपासूनच थकू लागली होती. नेहमी चोख असणाऱ्या बाबांचं वीजबिल दोनदा राहिलं, तर ते विसराळूपण समजून सोडू नका.

अधलामधला मार्ग आहे, आणि तो सगळ्यांनी मिळून ठरवायचा आहे. रोजच्या खर्चासाठी वेगळं खातं, त्यात वीस-पंचवीस हजार. यूपीआय फक्त त्यालाच जोडलेलं. मोठ्या ठेवी दुसऱ्या बँकेत, शक्यतो नेटबँकिंगशिवाय, मोडायच्या तर शाखेत जाऊन. एटीएम कार्डावरचे परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार बंद. ही सोय बँकांनी द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा २०२० पासूनचा नियम आहे. दिवसाची मर्यादा खाली आणलेली. सत्तरीच्या पुढे बँकेने घरी येऊन मूलभूत सेवा द्याव्यात असंही रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगून ठेवलंय, त्यासाठी शाखेत अर्ज करावा. बँकेचे कामकाजाचे फोन आता १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून यायचे आहेत आणि बँकांची संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन'ने संपतात, या दोन खुणा ज्येष्ठांना सहज लक्षात राहतात. आणि घराचा एक नियम: ठरलेल्या रकमेच्या वर कुणालाही पैसे पाठवायचे तर रात्र जाऊ द्यायची आणि सकाळी एका माणसाशी बोलायचं. हा नियम मुलांनीही पाळायचा, तरच तो बाबांना कमीपणाचा वाटणार नाही.

पैसे गेलेच, तर १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. हा फोन लगेच केला तर रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवता येते. सरकारने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार या व्यवस्थेने तोवर ५,४८९ कोटी रुपये वाचवले होते. ओसवालांनी तक्रार केल्यावर त्यांचे पाच कोटींहून अधिक रुपये असेच गोठवले गेले. पण फोन लगेच तोच करतो, ज्याला घरच्यांची भीती नसते. 'आता मुलाला काय तोंड दाखवू' यात दोन दिवस जातात आणि पैसा देशाबाहेर जातो.

आता बँकांकडे येतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थाने खात्यातून पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याची जबाबदारी शून्य. चांगला नियम आहे. पण ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला किंवा धाकाने स्वतःच पैसे पाठवले, की तो निष्काळजी ठरतो. डिजिटल अरेस्टमधले जवळजवळ सगळे वृद्ध असे नियमाबाहेर पडतात. चाकूच्या धाकाने दिलेल्या पैशाला आपण लूट म्हणतो. इथे फक्त चाकू दिसत नाही.

इतरांनी काय केलं ते पाहावं. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून, अशा फसवणुकीत स्वतः पाठवलेले पैसेही ८५,००० पौंडांपर्यंत परत द्यावे लागतात आणि तो भार पैसे पाठवणारी व स्वीकारणारी बँक निम्मा-निम्मा उचलतात. चोराचं खातं उघडून देणाऱ्या बँकेलाही झळ बसते, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. सिंगापूरमध्ये जुलै २०२५ पासून, फसवणुकीत अडकलेला माणूस ऐकत नसेल तर पोलीस त्याच्या खात्यातले व्यवहार ३० दिवसांसाठी थांबवू शकतात. माणसाच्या स्वातंत्र्यावरची ही मोठी मर्यादा आहे, मला ती पूर्णपणे पटत नाही. पण सत्तरीच्या वरच्या ग्राहकाने एका दिवसात ठेवी मोडून अनोळखी खात्यात लाखो रुपये पाठवले, तर ते चोवीस तास थांबवून शाखेतून फोन करायला काय हरकत आहे? हैदराबादमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टेट बँकेच्या कर्मचाऱ्यांनी, घाबरलेला आणि दर वेळी वेगळं कारण सांगणारा एक ज्येष्ठ ग्राहक ओळखला, मुद्दाम वेळ काढला, १९३० ला फोन लावून दिला आणि त्याचे पैसे वाचले. जे त्या कर्मचाऱ्यांनी आपल्या बुद्धीने केलं ते नियम म्हणून देशभर व्हायला हवं, आणि न करणाऱ्या बँकेने नुकसानीतला वाटा उचलायला हवा. ब्रिटनच्या बँकांना हे परवडतं, तर आपल्या बँकांनाही परवडेल.

तोवर घराने आपलं काम करावं. येत्या रविवारी आई-वडिलांकडे बसा, दूर असाल तर व्हिडिओवर बसा. अलीकडे आलेला विचित्र फोन कोणता, हे त्यांना विचारा आणि मधे न बोलता पूर्ण ऐका. १९३० हा आकडा मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ लावा. आणि एक वाक्य त्यांना आजच सांगून ठेवा: पैसे गेले तरी आम्ही रागावणार नाही, फक्त पहिला फोन आम्हाला करा, रात्री दोन वाजता असला तरी.